सरकारी वाहिन्यांचे कार्यक्रम फाईल म्हणून उतरवून घेता येतात का? (पेनड्राइव्हवर, रीतसर)

सड्यावरचा

मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, माहिती असेल त्यांनी सांगा.

आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. वाडी खाली खाडीकाठी आणि रेंज वर सड्यावर, मधे घाटी, त्यामुळे ज्याला मुंबईला फोन करायचा तो वर कातळावर जाऊन उभा राहतो. गावात छोटंसं वाचनालय आहे, पुस्तकं कमी नि वाळवी जास्त, पण गेल्या गणपतीत मुंबईकरांनी वर्गणी काढून एक प्रोजेक्टर नि स्पीकर घेऊन दिला. भातलावणी आटपली की म्हातारी मंडळी संध्याकाळची येऊन बसतात, पोरंही येतात, म्हटलं रोज त्याच त्या सिरियलींपेक्षा काहीतरी बरं दाखवूया. दूरदर्शनची जुनी नाटकं, आमची माती आमची माणसं सारखे शेतीचे कार्यक्रम, आकाशवाणीच्या श्रुतिका, पोरांसाठी समुद्रावरच्या चांगल्या डॉक्युमेंटऱ्या वगैरे.

घोडं अडलंय ते नेटवर. वाचनालयात रेंज फक्त पश्चिमेच्या खिडकीत येते, म्हणजे मोबाईल तिथल्या गजाला सुतळीने बांधायचा, त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी कारण झड आत येते, नि तिथून हॉटस्पॉट. दोन काड्या येतात. कार्यक्रम सुरू होतो, माणसं सरसावून बसतात आणि ऐन रंगात ते गोल फिरायला लागतं. त्यात मृगापासून लाईटचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टर प्रोजेक्टरला पुरतो पण वर सड्यावरचा टॉवरच बसला तर काय करणार.

ॲपमधे "डाऊनलोड" असतं ते करून बघितलं. ती फाईल त्या ॲपच्या बाहेर दिसत नाही, दुसऱ्या फोनवर जात नाही, काही दिवसांनी आपोआप गायब होते, आणि काहींची तर प्रोजेक्टरला वायर जोडली की नुसती काळी स्क्रीन. त्याला मी डाऊनलोड म्हणत नाही. मला साधी फाईल हवी आहे, पेनड्राइव्हवर टाकली, कपाटात ठेवली, पुढच्या वर्षी पुन्हा लावली अशी.

आणि दुसरं म्हणजे, या सरकारी वाहिन्या आपल्याच पैशावर उभ्या राहिल्या ना? आमच्या वडलांनी रेडिओचं लायसन काढलेलं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून शिक्का मारून आणायचे, ते आज टीव्हीवर फुकट बघायला मिळतं हे मान्य, पण ठेवून घ्यायला का मिळू नये? जगात कुठे कोणी देतं का असं? आणि ते टॉरंट की काय म्हणतात ते सरसकट बेकायदेशीर असतं का?

---

डोंबिवलीकर चाकरमानी

अहो सगळं यूट्यूबवर आहे की. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या जुन्या संग्रहाचं स्वतंत्र चॅनेल आहे, सह्याद्रीचं आहे, भारत एक खोज सारखी मालिका अख्खी तिथे पडलीय. शिवाय नोव्हेंबर २०२४ मधे गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात त्यांनी वेव्ह्ज म्हणून स्वतःचं ॲप काढलं, त्यात लाईव्ह चॅनेल, रेडिओ, जुन्या मालिका सगळं आहे. तुम्हाला फाईलच हवी तर यूट्यूबची लिंक एखाद्या डाऊनलोडर साईटवर टाका, दोन मिनिटांत काम. नाहीतर मला यादी पाठवा, गणपतीला येताना हार्डडिस्क भरून आणतो. एवढं कायद्याचं डोक्यात घेऊ नका, तुमच्या वाडीत कोण येतंय बघायला!

---

सड्यावरचा

दादा, आणा म्हटलं असतं, पण वाचनालय रजिस्टर आहे, ऑडिट होतं, दरवाज्यावर बोर्ड लावून कार्यक्रम करणार नि उद्या कोणी विचारलं की हे कुठून आणलंत तर मी काय सांगू? आणि त्या डाऊनलोडर साईटवर मी गेलो होतो, डाऊनलोडची पाच बटणं, त्यातली चार भलतीकडेच नेतात. वाचनालयाचा कॉम्प्युटर एकच आहे हो.

---

खारा वारा

सडेकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण ह्या विषयावर बोलायला मला घरात कोणी मिळत नाही. मी बोटीवर असतो, घर रत्नागिरीजवळ. बोटीवर नेटची तुमच्यापेक्षा वाईट अवस्था असायची, आता सुधारलंय, पण आमची सवय तीच, बंदर आलं की फाईली उतरवून घ्यायच्या आणि समुद्रात बघायच्या. नॉर्वेच्या बंदरांत बरंच जाणं झालं तिथे मला हे प्रकरण कळलं.

तर हो, देतात. आणि सगळ्यात धीटपणे दिलं ते नॉर्वेच्या एनआरके ने. एनआरके म्हणजे त्यांचं दूरदर्शन आणि आकाशवाणी एकत्र समजा. जानेवारी २००८ मधे त्यांनी नॉर्डकालोटन ३६५ नावाची मालिका, एक माणूस वर्षभर उत्तर टोकाच्या रानातून भटकतो त्याची, सरळ बिटटॉरंटवर टाकली. कुलूप नाही, मुदत नाही, पासवर्ड नाही. घ्या, ठेवा, दुसऱ्याला द्या. तेव्हा टॉरंट म्हटलं की चोरीचे पिक्चर एवढंच लोकांना माहीत होतं, आणि इथे एक सरकारी वाहिनी स्वतःच टॉरंट काढतेय! पुढच्या वर्षी तर त्यांनी स्वतःचा ट्रॅकरच उभा केला, म्हणजे कोणाकडे फाईलचा कुठला तुकडा आहे ते शोधून देणारा सर्व्हर, आणि गंमत म्हणजे त्यासाठी सॉफ्टवेअर वापरलं ते पायरेट बे ह्या चोरीच्या पिक्चरांसाठी बदनाम साईटवाले वापरायचे तेच, कारण ते ओपन सोर्स होतं, फुकट होतं आणि उत्तम चालत होतं.

टॉरंटचा फायदा वाहिनीला काय ते बघा. साध्या पद्धतीत एक लाख लोकांनी फाईल मागितली तर एक लाख वेळा तुमच्या सर्व्हरवरून जाणार, बिल तुमचं. टॉरंटमधे फाईलचे बारीक तुकडे होतात, ज्याला जो तुकडा मिळाला तो दुसऱ्याला देत सुटतो, गावजेवणात पंगतीत बसलेलाच उठून पुढच्या पंगतीला वाढतो तसं. जितके लोक जास्त तितकं काम सोपं. आणि तुमच्यासारख्याला महत्त्वाचं म्हणजे मधेच रेंज गेली तर आलेले तुकडे वाया जात नाहीत, रेंज आली की तिथून पुढे चालू. रात्री लावून ठेवायचं, सकाळी जेवढं आलं तेवढं आलं. त्यामुळे टॉरंट बेकायदेशीर का, तर नाही, ती नुसती ने-आण करायची पद्धत आहे, आत माल कोणाचा आणि त्याने परवानगी दिली का एवढाच प्रश्न.

आता ह्यांचा खरा कळस सांगतो आणि तो कोकणवाल्यांनी ऐकायलाच हवा. बर्गन ते ओस्लो ही त्यांची डोंगरातली रेल्वे, २००९ ला तिला शंभर वर्षं झाली. एनआरके ने इंजिनाच्या पुढे नि डब्यांत कॅमेरे लावले आणि तो सगळा प्रवास, सात तासांच्या वर, २७ नोव्हेंबर २००९ ला एका दमात टीव्हीवर दाखवला. गोष्ट नाही, नाट्य नाही, बहुतेक वेळ नुसती गाडी चाललीय. लोक वेडे झाले, जवळजवळ बारा लाख माणसांनी थोडा तरी भाग बघितला, आणि त्या अख्ख्या देशाची वस्ती तेव्हा पन्नास लाखाच्या आत. त्या मार्गावर बोगदे भरपूर, तर बोगद्यात अंधार आला की त्यांनी रेल्वेचं जुनं फुटेज लावलं. आणि मग काय केलं, त्या प्रवासाचं चित्रण क्रिएटिव्ह कॉमन्स खाली, म्हणजे मालकाने स्वतःच वापरायची नि वाटायची परवानगी लिहून दिलेली असते तसं, एचडी मधे, टॉरंटने जगाला देऊन टाकलं, की घ्या आणि ह्याचं काय करायचं ते करा. लोकांनी कापलं, जोडलं, त्यावर संगीत चढवलं.

मी तेव्हापासून म्हणतोय की ही फिल्म आपल्याकडे व्हायला हवी. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा, त्या अंधारात कोकण रेल्वे बांधतानाचं फुटेज लावा, माणसं कशी चिखलात उभी राहून डोंगर फोडत होती ते. उक्षीला रानपाटचा धबधबा, मग पानवलचा पूल, आणि हे सगळं जुलैत चित्रित करा, मे मधे नको. बाहेर कॅमेरा धरून लोकांनी मोबाईलवर काढलेले पन्नास व्हिडिओ आहेत, पण पुढून, पूर्ण, चांगल्या कॅमेऱ्याने, आणि घरी ठेवायला मिळेल असं कुठाय?

बाकीच्यांचं थोडक्यात. कॅनडाच्या सीबीसीने मार्च २००८ मधे एक कार्यक्रम असाच टॉरंटवर दिला, पण तिथल्या नेट कंपन्या टॉरंटचा ट्रॅफिक मुद्दाम हळू करत होत्या, त्यामुळे रीतसर फाईल घेणाऱ्या लोकांनाही तासन्‌तास लागले आणि त्यावरून बोंब झाली. जर्मनीत तर उलटाच कारभार, घरटी पैसे घेऊन कार्यक्रम बनवायचे आणि २००९ च्या नियमाने बरेचसे कार्यक्रम सात दिवसांत नेटवरून काढूनही टाकायचे, कारण खाजगीवाले नि वर्तमानपत्रवाले ओरडत होते की सरकारी पैशाने आमचा धंदा मारतायत. पुढे २०१९ ला ते बरंच सैल केलं.

बीबीसीचं विचाराल तर दोन्ही तऱ्हा. २००७ च्या ख्रिसमसला नेटवर कार्यक्रम बघायला आयप्लेयर काढला तेव्हा डाऊनलोड होतं पण ते तुम्ही म्हणता तसलंच, कुलूपवालं, तीस दिवसांत मरणारं. रेडिओच्या बाबतीत मात्र मोकळा हात, त्यांच्या कित्येक गप्पा नि माहितीच्या कार्यक्रमांची पॉडकास्ट साधी एमपीथ्री म्हणून वर्षानुवर्षं मिळतायत. आणि २००५ च्या जूनमधे त्यांनी बीथोवेनच्या नवाच्या नऊ सिम्फनी फुकट डाऊनलोडला ठेवल्या होत्या, चौदा लाखांच्या आसपास डाऊनलोड झाले, रेकॉर्ड कंपन्यांच्या पोटात दुखलं. त्यांना ते का जमलं? कारण ऑर्केस्ट्रा बीबीसीच्या पगारावर आणि बीथोवेन वारून पावणेदोनशे वर्षं झालेली. मधे हक्क सांगायला तिसरा कोणीच नाही.

---

कुडाळ कोर्टासमोर

खारा वारा यांनी शेवटच्या दोन ओळींत जे लिहिलंय तेच सगळ्याचं मूळ आहे. मी वकिली करतो, कॉपीराईट हा माझा रोजचा विषय नाही (रोजचा विषय म्हणजे सामायिक जमीन आणि बांध), पण पक्षकारांमुळे वाचावं लागलं.

लोकांचा समज असतो की दूरदर्शनवर लागलं म्हणजे ते दूरदर्शनचं, म्हणजे सरकारचं, म्हणजे आपलं. तसं नसतं. काही कार्यक्रम दूरदर्शन केंद्राने स्वतः, स्वतःच्या माणसांकडून बनवलेले, काही बाहेरच्या निर्मात्याला पैसे देऊन करून घेतलेले, आणि काही बाहेरच्या निर्मात्याचे, जे फक्त तिथे लागले. रामायण घ्या. २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमधे दूरदर्शनने परत दाखवलं, पण हक्क मालिका बनवणाऱ्या सागर मंडळींचे, त्यांच्याकडून घेऊनच दाखवावं लागलं. ते दूरदर्शन तुम्हाला फाईल म्हणून वाटू शकेल का? कसं वाटणार. आणि जे स्वतः बनवलं त्यातही मागे कुठलं तरी सिनेमाचं गाणं वाजतंय, नाटक कुणा लेखकाचं आहे, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाच्या सातबाऱ्यावर दहा नावं. नॉर्वेवाल्यांनी रेल्वे का निवडली आणि रानातला माणूस का निवडला ते यावरून समजून घ्या, नटसंच असलेली मालिका नाही निवडली.

आता तुमच्या कामाचं. प्रक्षेपणावर वाहिनीचा जो स्वतःचा हक्क असतो तो आपल्या कायद्यात २५ वर्षांचा, पण आतल्या चित्रणाचा, ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षांचा, आणि लेखनाचा तर लेखक वारल्यावर पुढे ६० वर्षं. म्हणजे जुनं झालं म्हणून मोकळं झालं हे गणित चालत नाही. कलम ३९ प्रमाणे टीव्हीवर चालू असलेला कार्यक्रम स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खरोखरच्या शिकवण्यासाठी रेकॉर्ड केला तर वाहिनीच्या त्या हक्काचा भंग होत नाही. मात्र बोर्ड लावून हॉलमधे दाखवणं हे खाजगी नव्हे. ऐकवण्याचं थोडं सोपं आहे, कलम ५२ मधे ना-नफा क्लब किंवा तशा संस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला सवलत आहे. ध्वनिमुद्रण म्हणतोय मी, व्हिडिओ नव्हे. त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर आधी श्रुतिका, भाषणं, रेडिओचं काय मिळतंय ते बघितलं असतं, आणि व्हिडिओसाठी ज्याच्यावर मालकाने स्वतः क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलंय तेच उचललं असतं.

बाकी जुन्या नाटकांसाठी सरळ दूरदर्शन केंद्राला पत्र लिहा, वाचनालयाच्या लेटरहेडवर, कार्यक्रमाचं नाव, साधारण वर्ष, तिकीट लावणार नाही हे स्पष्ट. नाही म्हणतील, पण कागदावर नाही म्हणतील, आणि हो म्हणाले तर तुमच्या ऑडिटलाही तोच कागद पुरेल. फी लागत नाही पत्राला.

---

तारकर्लीचो झील

ह्यां सगळां बरां आसा पण माका येक सांगा, तुमच्याकडे फ्रीडिश नाय काय? आमच्या घरावर आसा, म्हयन्याक पैशे भरूक लागनत नाय, सह्याद्री दिसता. वांदरान डिश फिरवल्यान काय सगळां गेलां, मगे चढा माडीवर. पण त्या बॉक्साक फाटल्यान पेनड्राइव लावची जागा आसता, आमच्या बॉक्साक आसा, तेच्यात रेकॉर्डिंग जाता. आये सकाळचां भजन रेकॉर्ड करून ठेवता आणि दुपारी जेवान झाल्यार आयकता. नेट नको, काय नको.

---

आत्या रेडिओवाल्या

झीला, तुझ्या आईला नमस्कार सांग, तिने सगळ्यात सोपा मार्ग काढलान.

मी बरीच वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर कॅज्युअल निवेदिका होते, म्हणजे बोलावतील तेव्हा जायचं. सगळे म्हणतायत जुन्या संग्रहाचं काय, तर संग्रह होता तेवढा आहे असं धरून चालू नका. टेप महाग, मोजून मिळायच्या, कार्यक्रम वाजला की पुष्कळदा ती टेप खोडून त्यावर दुसरं भरायचं. मोठ्या गवयांचं राखून ठेवायचे, पण आपल्याकडच्या माणसांचं? एका खारवी आजीने लाटांवर म्हणायची गाणी म्हटलेली, होडी ओढताना म्हणतात ती, स्टुडिओत बुजली होती म्हणून आम्ही तिला खुर्ची काढून खाली चटईवर बसवलं आणि माईक खाली आणला, मग जी सुटली ती थांबेना. तिचा पदर सारखा माईकला लागायचा, खरखर यायची, इंजिनीयर काचेतून हातवारे करतोय. ते प्रसारित झालं आणि पुढच्या महिन्यात त्या टेपवर भातावरच्या करप्याची मुलाखत. म्हणून म्हणते की लोकांच्या घरी फाईली असणं ह्याला महत्त्व आहे, एका कपाटात एकच प्रत असली की ती कोणाच्या तरी मर्जीवर असते.

गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी. ती सार्वजनिक रेडिओने स्वतः घडवून आणलेली गोष्ट, गदिमा आणि बाबूजींना घेऊन. आकाशवाणीवर ती गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती, पण पुढे घरोघर पोचलं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं, कारण विकत मिळत होतं ते तेच. रेडिओवरचं मूळ ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. त्या काळी उतरवून घ्यायचं साधन असतं लोकांकडे तर?

पण वकीलसाहेबांचा मुद्दा मला दुसऱ्या बाजूने पटतो. आमचे कॉन्ट्रॅक्टचे कागद असायचे त्यात प्रसारण, पुनःप्रसारण एवढंच, नेटचं नावच नव्हतं जन्माला आलेलं. पुनःप्रसारण झालं की थोडे पैसे यायचे, थोडे म्हणजे अगदी थोडे, पण यायचे. एखादी दशावताराची कंपनी रेडिओवर येऊन गेली, तो आख्यानाचा राजा आता म्हातारा झालाय, त्याचा मुलगा जत्रेत त्याच आख्यानांचे पेनड्राइव्ह विकतो, आणि आपण म्हणणार सरकारने ते जगाला फुकट द्यावं. त्याला विचारायला नको का कोणी? नॉर्वेत त्या गाडीला विचारावं लागलं नाही, इथे माणसं आहेत. माझं मत असं की शेतीची, आरोग्याची, मच्छीमारांसाठीची, पोरांच्या अभ्यासाची माहिती, जी केंद्राच्या पगारी माणसांनी केली ती बिनशर्त मोकळी करावी, आणि कलाकारांचं जे आहे त्याला एकदाच बऱ्यापैकी रक्कम देऊन मग मोकळं करावं. पैसे नाहीत असं कोणी सांगू नये, मोठ्या मॅचचे हक्क घ्यायला बरोबर निघतात.

---

डोंबिवलीकर चाकरमानी

आत्या, मोकळं करायची इच्छा असली की करतात हेही खरं हां. बातम्यांच्या बाबतीत केलंय, मार्च २०२४ मधे पीबी-शब्द म्हणून सुरू केलं, त्यात प्रसार भारती आपलं बातम्यांचं फुटेज, ऑडिओ, मजकूर छोट्या माध्यमांना लोगोशिवाय वापरायला देते, पहिलं वर्ष तर फुकट जाहीर केलेलं. म्हणजे यंत्रणा आहे, लॉगिन आहे, सर्व्हर आहे. मग त्याच खिडकीतून वाचनालयांना, शाळांना जुने कार्यक्रम द्यायला काय हरकत आहे? खेडच्या एखाद्या यूट्यूब बातमीदाराला मिळतं आणि रजिस्टर वाचनालयाला नाही, हे काही पटत नाही.

(हार्डडिस्कचं मागे घेतो. प्रोजेक्टरला बल्ब लागला तर सांगा.)

---

सड्यावरचा

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. पत्राचं आजच मनावर घेतो, लेटरहेड संपलीयत ती छापून आणायला दापोलीला जावं लागेल. रेडिओचं आधी सुरू करूया हे पटलं, ऐकायला तर प्रोजेक्टरही नको आणि आमच्या म्हाताऱ्यांना निम्म्यांना दिसत नाही पण ऐकू सगळ्यांना येतं, नको ते जास्तच.

खारा वारा, ती नॉर्वेची गाडी लावून बघतो. सात तास कोण बघणार हा प्रश्न आमच्याकडे नाही, आमची माणसं तुतारीने मुंबईला बसूनच जातात. पण दोन गोष्टी अजून. एक, एवढी मोठी फाईल आमच्या खिडकीतल्या दोन काड्यांवर कशी उतरवू? दोन, फ्रीडिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून बघितला काल शेजाऱ्यांकडे, वाचनालयासाठी नाही हो वकीलसाहेब, घरी बघायला, तर रेकॉर्डिंग सुरू होतं आणि काही वेळाने फाईल तुटून दुसरी सुरू होते, नि लॅपटॉपवर ती चालतच नाही. पेनड्राइव्ह खराब का?

---

खारा वारा

मोठी फाईल गावात उतरवूच नका. दापोलीला लेटरहेड छापायला जाल तेव्हा जिथे चांगलं वायफाय आहे अशा ओळखीच्या माणसाकडे लॅपटॉप ठेवून या, रात्रभर. आणि झाल्यावर लगेच बंद करू नका, दुसऱ्यांनाही तुकडे जाऊदेत थोडे, तेवढा शिष्टाचार पाळायचा. मूळ फाईल जड वाटली तर हँडब्रेक म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्यातून चित्राचा आकार ७२० वर आणा, तुमच्या प्रोजेक्टरवर फरक कळणार नाही. ते क्रिएटिव्ह कॉमन्सचं असल्यामुळे असं छोटं करून शेजारच्या गावाच्या वाचनालयाला दिलंत तरी चालेल, फक्त एनआरके चं नाव ठेवा.

पेनड्राइव्ह खराब नाहीये. तो एफएटी३२ मधे फॉरमॅट असणार, त्यात ४ जीबीच्या वर एक फाईल राहतच नाही म्हणून बॉक्स तुकडे पाडतोय. कॉम्प्युटरवर एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून बघा, सगळे बॉक्स घेत नाहीत, तुमचा घेतो का ते लावूनच कळेल. आणि लॅपटॉपवर व्हीएलसी टाका, फाईलच्या शेवटी टीएस असेल तर त्यात चालते. त्यातही नाही चालली तर त्या कंपनीने बॉक्सला कुलूप घातलंय, मग ती फक्त त्याच बॉक्सवर दिसणार.